ई-लर्निंग कोर्समधील चित्र, ध्वनी आणि व्हिडिओ फाइली कशा सांभाळाव्यात

ई-लर्निंगचे कोर्स बनवणाऱ्यांना आपल्या फाइलींची आठवण बहुधा दोन प्रसंगी होते. एक, पब्लिश केलेले पॅकेज, म्हणजे तयार कोर्सचा गठ्ठा, एलएमएसवर (शिकणाऱ्यांना कोर्स दाखवणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) चढत नाही तेव्हा; आणि दुसरा, दीड-दोन वर्षांनी ग्राहकाचा फोन येतो आणि ‘फार काही नाही, फक्त लोगो आणि निवेदनातली तीन वाक्ये बदलायची आहेत’ असे तो सांगतो तेव्हा. या दुसऱ्या प्रसंगी काम अर्ध्या दिवसात आटोपते की दोन आठवडे चालते, हे कोर्स पहिल्यांदा बनवताना फाइली कशा ठेवल्या होत्या त्यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असते.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण घेतो. कारखान्यातील कामगारांसाठी ‘आग लागल्यास काय करावे’ या विषयावरचा, मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांतला, बेचाळीस स्लाइडचा कोर्स आपल्याला बनवायचा आहे. कोर्स बनवण्याचे सॉफ्टवेअर आर्टिक्युलेट स्टोरीलाइन ३६० आहे असे धरू. अडोबी कॅप्टिव्हेट किंवा लेक्टोरा वापरणाऱ्यांना मेनूंची नावे वेगळी दिसतील, पण पद्धत बहुतांशी तीच राहील.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे कोठार नव्हे

स्टोरीलाइनमध्ये एखादे चित्र घातले की त्याची प्रत प्रोजेक्टच्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि डिस्कवरच्या मूळ चित्राशी तिचा संबंध तुटतो. त्यानंतर मूळ चित्र फोटोशॉपमध्ये कितीही सुधारले तरी कोर्समधले चित्र बदलत नाही. नवशिक्याला हे कोड्यासारखे वाटते, कारण वर्डमध्ये काय किंवा पॉवरपॉइंटमध्ये काय, त्याने याचा कधी विचारच केलेला नसतो. स्टोरीलाइनची प्रोजेक्ट फाइल ही प्रत्यक्षात एक झिप फाइलच असते. तिची एक प्रत काढून त्या प्रतीचे एक्स्टेन्शन झिप असे केले आणि ती उघडली, तर आत मीडियाचा फोल्डर आणि त्यात आपण घातलेल्या फाइली दिसतात. मूळ फाइल हरवली असता हा मार्ग अनेकांना तारून नेतो. मात्र हा मार्ग अडचणीपुरता आहे. तिथे फोटोशॉपचे थर मिळत नाहीत, ध्वनीचे न कापलेले रेकॉर्डिंग मिळत नाही, आणि ते छायाचित्र कोणाकडून व कोणत्या अटीवर आणले होते हे तर कुठेच लिहिलेले नसते.

पब्लिश केलेल्या पॅकेजची अवस्था त्याहून वाईट असते. त्यात चित्रे आणि ध्वनी आकसलेल्या दर्जाचे असतात आणि फाइलींची नावे यंत्राने दिलेली, अर्थहीन असतात. ‘पॅकेज आहे ना आपल्याकडे, मग सोर्स कशाला?’ असा प्रश्न व्यवस्थापकाने विचारला, तर त्याला फ्लॅशची, म्हणजे पूर्वी ब्राउझरमध्ये कोर्स आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट सांगावी. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅशचा मजकूर दाखवणेच बंद केले. त्या सुमारास जुने कोर्स एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे आजचे ब्राउझर थेट दाखवतात त्या स्वरूपात, उतरवण्याचे काम आमच्याकडेही आले होते. त्यांपैकी एका ग्राहकाकडे पॅकेजे सगळी होती, पण मूळ फ्लॅश फाइली आणि निवेदनाची रेकॉर्डिंगे कोणाकडेच नव्हती. आवाज देणाऱ्या बाई तोवर परगावी गेल्या होत्या. परिणामी चार वाक्यांच्या दुरुस्तीसाठी अकरा कोर्सचे संपूर्ण निवेदन नव्या आवाजात करावे लागले.

म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक चित्राची, ध्वनीची आणि व्हिडिओची मूळ, संपादन करता येण्याजोगी फाइल प्रोजेक्टच्या बाहेर, ठरलेल्या जागी राहिली पाहिजे, आणि प्रोजेक्टमध्ये जाईल ती तिच्यापासून काढलेली प्रत असली पाहिजे.

फोल्डर आणि नावे

फोल्डरांची रचना फार खोल नसावी. कोर्सच्या मुख्य फोल्डरात पाच कप्पे पुरतात: ग्राहकाकडून जसे आले तसे साहित्य, संपादनयोग्य मूळ फाइली, कोर्समध्ये घालण्यासाठी तयार केलेल्या फाइली, प्रोजेक्ट फाइली आणि पब्लिश केलेली पॅकेजे. ग्राहकाकडून आलेल्या फोल्डराला कोणीही हात लावायचा नाही. त्यातल्या फाइलचे नावसुद्धा बदलायचे नाही, कारण ‘आम्ही पाठवलेला फोटो हा नव्हताच’ अशी तक्रार आली की तोच एक पुरावा उरतो. कप्प्यांमध्ये आणखी कप्पे करताना विंडोजमध्ये फाइलचा संपूर्ण पत्ता २६० अक्षरांपुरता मर्यादित राहत आला आहे, हे लक्षात ठेवावे. फोल्डरांची लांबलचक नावे एकात एक गेली की झिप उघडताना नेमक्या शेवटच्या दोन-चार फाइली गळतात.

काम चालू असताना प्रोजेक्ट फाइल आपल्या संगणकाच्या डिस्कवरच ठेवावी. सामायिक नेटवर्क ड्राइव्हवरून किंवा आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरातून ती थेट उघडून काम केल्यास सेव्ह होता होता फाइल बिघडण्याची शक्यता असते. स्टोरीलाइनच्या निर्मात्यांचीही सूचना हीच आहे. संध्याकाळी काम संपल्यावर तारखेसह प्रत काढून ती सर्व्हरवर टाकावी.

नावांच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. आपल्याला वाचायला सोपे म्हणून फाइलींना देवनागरी नावे द्यावीशी वाटतात. कार्यालयीन पत्रव्यवहारात त्याला काही हरकत नाही. कोर्सच्या फाइलींत ती देऊ नयेत. एका कोर्समध्ये ‘दुसऱ्या’ किंवा ‘तिसऱ्या’ हा शब्द नावात असलेली चित्रे सर्व्हरवर दिसत नव्हती आणि बाकीची सगळी दिसत होती. कारण सापडायला दोन दिवस लागले. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: एका स्वतंत्र संकेतांकाने, किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. जुन्या मॅकची फाइल-प्रणाली दुसरा प्रकार वापरत असे. चित्रकाराने झिप मॅकवर केले, कोर्स विंडोजवर बनला आणि सर्व्हर लिनक्सचा होता. ‘पहिल्या’ आणि ‘चौथ्या’ सुखरूप पोचल्या, ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ वाटेत हरवल्या.

तेव्हा नावे रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आडव्या लहान रेघेने जोडून द्यावीत. लहान-मोठ्या अक्षरांचा मुद्दा क्षुल्लक नाही: विंडोज त्यांत फरक करत नाही, लिनक्सचा सर्व्हर करतो, म्हणून आपल्या संगणकावर दिसणारे चित्र अपलोड केल्यावर गायब होते. नावात कोर्सचा संकेत, विभाग, स्लाइड, प्रकार, भाषा आणि आवृत्ती एवढे यावे. आपल्या कोर्समधील तिसऱ्या विभागाच्या बाराव्या स्लाइडवरील मराठी निवेदनाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नाव, इथे देवनागरीत लिहून दाखवायचे तर, ‘आग-०३-१२-निवेदन-मरा-आ०२’ असे होईल. आकड्यांपुढे शून्य घालावे, नाहीतर यादीत दहावी स्लाइड दुसरीच्या आधी येऊन बसते. चित्र एकापेक्षा अधिक स्लाइडवर येणार असेल, तर त्याच्या नावात स्लाइडचा क्रमांक न घालता वस्तूचे नाव घालावे, जसे ‘आग-चित्र-अग्निशामक-पावडर-आ०१’. आणि ‘फायनल’ हा शब्द कोणत्याही नावात येऊ देऊ नये. ‘फायनल-नवीन-२’ नावाची फाइल ज्याने शोधली आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

चित्रे

हल्लीच्या साध्या मोबाइलवर काढलेले बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे असते. जेपीजीच्या रूपात ते डिस्कवर तीन-चार एमबी दिसते, परंतु ब्राउझर ते उघडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने त्याला ४८ एमबी स्मृती लागते. हेच चित्र १२८० गुणिले ७२० या मापात आणले की ३.७ एमबी पुरते. आपला कोर्स शॉप फ्लोअरवरचा कामगार स्वतःच्या स्वस्त फोनवर पाहणार आहे, त्यामुळे पॅकेज किती एमबीचे झाले याबरोबर हा हिशेबही करावा लागतो. स्लाइडचे माप प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरवावे, पूर्ण स्लाइड व्यापणारे चित्र त्याच मापाचे किंवा फार तर दीडपट करावे, आणि जिथे झूम करून बारीक भाग दाखवायचा आहे, उदाहरणार्थ अग्निशामकावरील दाबमापकाचा काटा, तिथेच अधिक मोठे चित्र वापरावे. छायाचित्रांना जेपीजी, पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्रांना आणि सपाट रंगांच्या आकृत्यांना पीएनजी, आणि चिन्हांना शक्य असेल तिथे एसव्हीजी (कितीही मोठे केले तरी न फाटणारे स्वरूप), एवढे पथ्य पुरेसे आहे.

चित्रात मजकूर कोरू नये, हा नियम दोन भाषांच्या कोर्समध्ये सर्वांत जास्त वेळ वाचवतो. अग्निशामकाच्या आकृतीवर ‘सुरक्षा पिन’, ‘नळी’, ‘दट्ट्या’ ही नावे चित्रकाराने चित्रातच लिहून टाकली, तर भाषांतरासाठी मजकूर निर्यात करताना ती नावे बाहेर येतच नाहीत, आणि हिंदी आवृत्तीसाठी चित्र नव्याने मागवावे लागते. आकृती कोरी ठेवावी आणि नावे सॉफ्टवेअरमधील मजकूर-चौकटीत लिहावीत. तीच गोष्ट जुन्या सादरीकरणांची. ग्राहकाने दिलेल्या पॉवरपॉइंटमधला मजकूर श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर तो आयात केल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन चित्र म्हणून चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि ‘र्‍हस्व-दीर्घ’ व जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत. फाँट हीदेखील जपून ठेवायची फाइलच आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी एखादा निवडून त्याची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरातच ठेवली, म्हणजे नव्या संगणकावर ओळी वेगळ्या जागी तुटत नाहीत.

विकतच्या स्टॉक चित्रांबद्दल एक सूचना. ती परवान्याने आपली होतात, पण आशयाने आपली असतातच असे नाही. आगीसंबंधीच्या चित्रांत भिंतीवर ‘९११ ला फोन करा’ अशी पाटी हमखास निघते; आपल्याकडे अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आणि एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. विजेच्या पॅनेलवर पाणी मारणारा हसतमुख कामगारही मी एका स्टॉक चित्रात पाहिला आहे. म्हणून प्रत्येक चित्र कोर्समध्ये घालण्यापूर्वी विषयतज्ज्ञाच्या नजरेखालून गेले पाहिजे, केवळ स्टोरीबोर्ड (स्लाइडवार लिहिलेला कोर्सचा आराखडा) नव्हे.

निवेदन

ध्वनीच्या फाइली संख्येने सर्वांत जास्त असतात आणि त्याच सर्वांत जास्त वेळा बदलतात, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही या न आकसलेल्या स्वरूपात घ्यावे. अशा ध्वनीला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते. बेचाळीस स्लाइडचे निवेदन तीस-पस्तीस मिनिटांचे धरले तरी एका भाषेचे सगळे रेकॉर्डिंग तीनशे एमबीच्या आसपास राहते, आणि आजच्या डिस्कच्या मानाने ते किरकोळ आहे. ते फेकून देण्याचे काहीही कारण नाही. कोर्समध्ये जाणारी प्रत ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट, हाच तिचा बिटरेट) एमपी३ केली तर मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही. मात्र इथे एक खबरदारी घ्यावी. पब्लिश करताना सॉफ्टवेअर स्वतः ध्वनी पुन्हा आकसते, त्यामुळे आधीच आकसलेला एमपी३ दुसऱ्यांदा आकसला जाऊन ‘स’ आणि ‘श’ची धार कमी होते व आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये शक्यतो डब्ल्यूएव्ही किंवा चांगल्या बिटरेटचा एमपी३ घालावा आणि आकसण्याचे काम पब्लिशच्या वेळी एकदाच होऊ द्यावे.

निवेदनाची एकच सलग फाइल कधीही घेऊ नये. स्लाइडमागे एक, आणि स्लाइडवर टप्प्याटप्प्याने मजकूर उलगडत असेल तर टप्प्यामागे एक, अशा फाइली कापून घ्याव्यात. एक वाक्य बदलले तर त्या टप्प्यापुरतेच पुन्हा रेकॉर्डिंग करावे लागते. त्यासाठी पहिल्या दिवशीच स्टुडिओतली दहा-पंधरा सेकंदांची निव्वळ शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवावी, मायक्रोफोन कोणता व किती अंतरावर होता ते लिहून ठेवावे. नंतरचा तुकडा जोडताना ही टिपणे आणि ती शांतता सांधा लपवायला उपयोगी पडतात.

मराठी निवेदनाला उच्चारांची यादी जोडणे अत्यावश्यक आहे, आणि ती यादीसुद्धा आवाजाच्या फाइलींबरोबरच ठेवायची असते. आपल्या लिपीत ‘ज’ एकच असला तरी उच्चार दोन आहेत. आगीच्या कोर्समध्ये ‘जळते’ आणि ‘जाळ’ यांतला ‘ज’ वेगळा, ‘ज्वालाग्राही’ आणि ‘जिना’ यांतला वेगळा. अनुभवी मराठी निवेदकाला हे सांगावे लागत नाही, पण तात्पुरत्या निवेदनासाठी संगणकीय आवाज वापरला, किंवा हिंदी निवेदकानेच मराठीही वाचले, तर नेमकी इथे गडबड होते. कंपनीच्या यंत्रांची नावे, रसायनांची नावे, ‘एबीसी पावडर’ हे सुटे वाचायचे की एकत्र, हे सर्व त्या यादीत यावे. दोन वर्षांनी दुसरा निवेदक येईल तेव्हा त्याच्या हाती ती यादी देता आली पाहिजे.

तात्पुरते निवेदन वापरून टाइमलाइन (स्लाइडवर काय कितव्या सेकंदाला दिसेल ते ठरवणारी पट्टी) बसवण्याची पद्धत सोयीची आहे, पण तिची किंमत आधी जाणून घ्यावी. खरे निवेदन आले की ध्वनीची लांबी बदलते. सॉफ्टवेअरच्या मीडिया लायब्ररीतून (तिच्याबद्दल पुढे) ध्वनी बदलता येतो, तथापि टाइमलाइनवर लावलेल्या खुणा जुन्याच सेकंदांवर राहतात आणि बाण ‘पिन काढा’ म्हणण्याआधीच पिनवर येऊन उभा राहतो. म्हणून ध्वनी बदलल्यावर प्रत्येक स्लाइड कानाने ऐकून खुणा नव्याने लावण्याचा वेळ वेळापत्रकात धरावा. त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

व्हिडिओ आणि उपशीर्षके

व्हिडिओसाठी एच.२६४ आणि एएसी (अनुक्रमे चित्र आणि ध्वनी आकसण्याच्या प्रचलित पद्धती) वापरलेली एमपी४ फाइल वापरली म्हणजे सुसंगतीच्या बहुतेक तक्रारी मिटतात. व्हिडिओ प्रोजेक्टमध्ये घालण्यापूर्वीच, संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हवा तेवढा कापून घ्यावा. ऑथरिंग टूलमध्ये, म्हणजे स्टोरीलाइनसारख्या कोर्स बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, कापल्यास मूळ लांब फाइल प्रोजेक्टच्या पोटात राहू शकते. तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ असतील तर ते एलएमएसच्या पॅकेजमध्ये न घालता कंपनीच्या व्हिडिओ-सर्व्हरवर ठेवण्याचा विचार करावा, पण कारखान्यातल्या वाय-फायवर तो सर्व्हर उघडतो का हे आधी पाहून घ्यावे.

उपशीर्षकांची फाइल व्हीटीटी किंवा एसआरटी स्वरूपात वेगळी ठेवावी. व्हीटीटीसाठी युटीएफ-८ हे एन्कोडिंग (युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) बंधनकारक आहे. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये मराठी उपशीर्षके लिहून एएनएसआय (युनिकोडपूर्व) स्वरूपात सेव्ह केली की सगळ्या मजकुराची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत आणता येत नाहीत. २०१९च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अपडेटपासून नोटपॅड मुळातच युटीएफ-८ मध्ये सेव्ह करते, पण ग्राहकाच्या कार्यालयात कोणता संगणक आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असते? फाइल आली की आधी ब्राउझरमध्ये उघडून पाहावी.

मीडिया लायब्ररीचा उपयोग

स्टोरीलाइनमध्ये व्ह्यू टॅबवर मीडिया लायब्ररी आहे. तिथे प्रोजेक्टमधील चित्रे, पात्रे (माणसांची तयार चित्रे), ध्वनी आणि व्हिडिओ वेगवेगळ्या यादीत दिसतात, आणि एखादी फाइल निवडली की ती कोणकोणत्या स्लाइडवर वापरली आहे हे कळते. लोगो बदलायचा असेल तर सत्तावीस स्लाइड उघडत बसण्याऐवजी लायब्ररीत तो निवडून ‘रिप्लेस’ करावे. सर्व ठिकाणचा लोगो एकदम बदलतो. हे नीट होण्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. नव्या चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण जुन्यासारखेच असावे, अन्यथा काही ठिकाणी ते चेपलेले किंवा सरकलेले दिसते. आणि पहिल्यापासून लोगो एकाच फाइलचा वापरलेला असावा. चार जणांनी आपापल्या डिस्कवरून चार वेगळ्या लोगो-फाइली घातल्या असतील, तर लायब्ररीत चार लोगो दिसतात आणि एक बदलून तीन तसेच राहतात. म्हणून नवीन चित्र घालताना आधी लायब्ररीत पाहायची आणि तिथूनच घ्यायची सवय संपूर्ण गटाला लावावी.

पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन-रीडर वाचून दाखवतो ते चित्राचे वर्णन, लायब्ररीतच लिहून ठेवता येते. ‘अग्निशामकाचे चित्र’ असे लिहून काही साधत नाही. ‘डाव्या हातात नळी, उजव्या हाताने दट्ट्या दाबलेला, नळीचे तोंड आगीच्या बुडाकडे’ असे लिहिले तर न पाहणाऱ्यालाही कृती कळते. तेच चित्र दुसऱ्या स्लाइडवर निव्वळ शोभेसाठी असेल, तर तिथे ते स्क्रीन-रीडरपासून वगळावे.

वापरात नसलेल्या फाइली काढून टाकण्याचे काम पब्लिशच्या आदल्या दिवशी करू नये. काम रेंगाळलेल्या प्रोजेक्टमध्ये टाकून दिलेली चित्रे आणि जुन्या निवेदनाचे अवशेष बरेच साचतात, ते काढले पाहिजेत हे खरे. पण त्याआधी प्रोजेक्टची तारखेची प्रत काढावी आणि जे काढतो आहोत त्याची मूळ फाइल बाहेर आहे याची खात्री करून घ्यावी. कॅप्टिव्हेटच्या जुन्या आवृत्त्यांत तर वापरात नसलेले सर्व एका आज्ञेने निवडता येते, त्यामुळे एका चुकीच्या डिलीटने बरेच काही जाऊ शकते.

परवाने आणि संमती

प्रत्येक प्रकल्पाला एक एक्सेल नोंदवही असावी. तिच्यात फाइलचे नाव, ती कुठून आली, कोणत्या परवान्याने, परवान्याची मुदत, श्रेय द्यायचे असल्यास त्याचे शब्द, कोणत्या स्लाइडवर वापरली आणि कोणी मंजूर केली एवढे रकाने असले म्हणजे पुरे. ती रोज भरायची असते. शेवटी एकदम भरू म्हटले की अर्ध्या चित्रांपुढे ‘गूगल’ असे लिहिले जाते, आणि गूगल हा काही परवाना नव्हे.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे चित्र फुकट मिळते, अटींशिवाय मिळत नाही. नुसत्या श्रेयाची अट असेल तर श्रेयाची स्लाइड केली की काम भागते. ‘अव्यावसायिक’ अट असलेले चित्र पैसे घेऊन बनवलेल्या कोर्समध्ये घालू नये, ‘बदल नको’ अट असेल तर ते छाटून किंवा रंग बदलून त्याची नवी आकृती करू नये, आणि ‘त्याच अटीवर वाटा’ असे असेल तर आपण त्यापासून बनवलेली आकृतीही त्याच परवान्याने खुली करावी लागते, हे ग्राहकाला आधी सांगावे. विकिमीडिया कॉमन्सवरील प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. डाउनलोड करतानाच तो नोंदवहीत उतरवावा.

कारखान्यातल्या खऱ्या कामगारांची छायाचित्रे वापरणे शिकण्याच्या दृष्टीने उत्तम, पण त्यांची लेखी संमती घ्यावी आणि ती संमतीपत्रे स्कॅन करून याच फोल्डरात ठेवावीत. संमतीपत्र मराठीत असावे आणि छायाचित्र कुठे व किती काळ दिसेल हे त्यात असावे. आणखी एक बारीक गोष्ट: पॉवरपॉइंटमध्ये छाटलेल्या चित्राचा छाटलेला भाग, तो मुद्दाम काढून टाकेपर्यंत, फाइलमध्ये तसाच राहतो. छातीवरचे ओळखपत्र छाटले असे आपल्याला वाटते आणि फाइल मिळालेला कोणीही ते परत उघडून पाहू शकतो. म्हणून छाटणी चित्र-संपादकात करून नवीन फाइल काढावी.

पॅकेज आणि शेवटची प्रत

पब्लिश करताना चित्र, ध्वनी आणि व्हिडिओ यांचा दर्जा वेगवेगळा ठरवता येतो. आधी ध्वनी आणि व्हिडिओ थोडे उतरवून पाहावेत, चित्रे शेवटी. आकृत्यांच्या कडा धुरकट झाल्या की लोकांच्या लगेच नजरेत येते. स्कॉर्म पॅकेज, म्हणजे एलएमएसला समजेल अशा प्रमाणित स्वरूपातले पॅकेज, एलएमएसवर चढत नसेल तर दोष नेहमी पॅकेजचाच असतो असे नाही. मूडल हे एलएमएस ज्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते तिची अपलोडची मूळ मर्यादा अवघी २ एमबी असते, आणि ती वाढवायची राहून गेलेले सर्व्हर आजही सापडतात. आपला कोर्स पिळून पिळून लहान करण्याआधी ग्राहकाच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला एक फोन करावा.

काम मंजूर झाल्यावर संपूर्ण फोल्डर गोठवून ठेवायचा. त्यात पाचही कप्पे, नोंदवही, फाँट, उच्चारांची यादी, संमतीपत्रे आणि कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली याचे एक पानी टिपण असावे, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही. दोन प्रती कराव्यात, एक ऑफिसच्या बाहेर. त्यानंतर ज्याने हा कोर्स बनवलेला नाही अशा सहकाऱ्याला तो फोल्डर एका वेगळ्या संगणकावर द्यावा, नेटवर्क बंद करावे आणि त्याला तीन कामे सांगावीत: प्रोजेक्ट उघडून पब्लिश करणे, बाराव्या स्लाइडच्या मराठी निवेदनाची मूळ डब्ल्यूएव्ही फाइल शोधणे, आणि मुखपृष्ठावरचे छायाचित्र कोणाचे आहे ते सांगणे. त्याने तुम्हाला काही विचारले, तर तो प्रश्न आणि त्याचे उत्तर त्या टिपणात लिहावे, आणि मगच फोल्डर कपाटात जाऊ द्यावा.